ताईच्या हातांसाठी

चादर शोधायला ताईचं कपाट उघडलं, तर साड्यांच्या मागे मी मागच्या दिवाळीला दिलेली टोपली. राम मारुती रोडवरून अठराशे रुपयांना घेतलेली. फेस सीरम, वांगाच्या डागांवरचं क्रीम, गुलाबाचं बॉडी लोशन, वासाची मेणबत्ती. वरचा चकचकीत कागद एका बाजूने फाडून फक्त लोशन काढलेलं होतं, बाकी सगळं जसंच्या तसं.

"अगं, वापरलं नाहीस?"

ताई चादरीची घडी उलगडत होती. वर न बघताच म्हणाली, "लोशन लावलं दोन दिवस. बोटांच्या बेचक्यांत आग व्हायला लागली. आणि ते वांगाचं क्रीम बघून वाटलं, माझ्याकडे बघितल्यावर तुला आता तेवढंच दिसतं का?"

ऐरोलीहून ठाण्याला परत येताना गाडीत बसायला जागा मिळाली, तरी डोक्यातून ते वाक्य जाईना. मी तिला आराम मिळावा म्हणून टोपली दिली होती आणि तिच्या हाती पडली ती तिच्या चेहऱ्याची तक्रार. तेव्हापासून एक ठरवलं आहे. समोरच्याने स्वतःहून मागितल्याशिवाय डाग, सुरकुत्या, काळी वर्तुळं यांवरचं काहीही भेट द्यायचं नाही.

ताई नर्स आहे. चोवीस वर्षं वॉर्डात काढलीत, त्यातल्या निम्म्या रात्री जागून. दर पेशंटमागे हात धुवायचे, हातमोजे चढवायचे, काढायचे, परत धुवायचे. तिच्या बोटांच्या पेरांवर बारीक लाल चिरा आहेत, हिवाळ्यात त्यांतून रक्त येतं. हळदीकुंकवाला वाण घेतलं की ती हात पटकन पदराखाली नेते. हे मी वर्षानुवर्षं बघत होते आणि तरी आणलं काय, तर गुलाबाचा वास!

यंदा तिच्या पन्नासाव्या वाढदिवसाला म्हणून मी आधी तिच्या दिवसाकडे बघितलं. दुखतं कुठे? हात आणि पाय. मग चेहऱ्याची दुकानं बाजूलाच राहिली.

हातांसाठी गोखले रोडवरच्या केमिस्टकडून बिनवासाचं, ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम घेतलं, डबीऐवजी ट्यूब, म्हणजे ड्युटीच्या पर्समध्ये मावते आणि आत बोटं घालावी लागत नाहीत. डबीवर नुसतं 'अनसेंटेड' लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. मूळ वास झाकायला कधीकधी त्यातही सुगंधी द्रव्य घातलेलं असतं. 'फ्रेग्रन्स-फ्री' लिहिलेलं बघा आणि मागची घटकांची यादीही वाचा. कृत्रिम असो की फुलांचा, वास हे त्वचेच्या अ‍ॅलर्जीचं नेहमी सापडणारं कारण आहे. चिरलेल्या कातडीला तर तो जास्तच झोंबतो. टाचांसाठी युरियाचं क्रीम चांगलं, जाड कातडी मऊ पडते, पण उघड्या भेगेत तेही चुरचुरतं, म्हणून ताईच्या बोटांसाठी मी ते घेतलं नाही. त्याऐवजी पेट्रोलियम जेलीची डबी आणि सुती हातमोज्यांचा जोड. हात जरा ओलसर असतानाच क्रीम लावायचं, वर जेलीचा पातळ थर, मोजे घालायचे आणि झोपायचं. जेलीचं काम एवढंच, आतलं पाणी उडू न देणं. आणि नवीन काहीही असलं तरी आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघायचं, हे मी ट्यूबवर चिठ्ठी चिकटवून लिहून दिलं.

पायांसाठी मात्र मला आजी आठवली. चिपळूणच्या घरी थंडीत ती कोकमाच्या तेलाचा गोळा, मुठेल, पळीत वितळवून टाचेच्या भेगांत भरायची. गार झालं की ते भेगेतच घट्ट बसायचं. आणि रात्री आजोबांच्या तळपायांना काशाची वाटी. ठाण्यात मुठेल कोकणी मेव्याच्या दुकानात मिळालं, वाटी जांभळी नाक्याच्या भांडीबाजारात. दुकानदाराने तीन वाट्या पुढे ठेवल्या. मी एकेक तळहातावर उपडी धरून बघितली. जी पालथी धरल्यावर मुठीत नीट बसली आणि जिच्या बुडाला खरखरीत कड नव्हती, ती घेतली. तांबं आणि कथील यांचं ते जड, पिवळसर भांडं. टिचकी मारली की बराच वेळ घुमतं.

सगळं मिळून टोपलीच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. मेणबत्ती नाही, चकचकीत कागद नाही, आईच्या जुन्या इरकलीच्या तुकड्याची पोटली शिवली.

पण वाटी स्वतःच्या पायाला स्वतः घासण्यात आराम कसला? ताईला वस्तू मिळाल्या असत्या, वेळ कुठून मिळाला असता? म्हणून रविवारी सकाळीच ऐरोली गाठली. डाळ-भात कुकरला लावला, ताईच्या सासूबाईंच्या गोळ्या दिल्या आणि ताईला म्हटलं, "बस. आज तुझं माहेरपण." ती दोनदा उठली, एकदा कपडे वाळत घालायला, एकदा कोथिंबीर निवडायला. दोन्ही वेळा हात धरून बसवली.

तळपायाला तूप लावून वाटी फिरवायला घेतली. टाचेकडून बोटांकडे, मग खळग्यात गोल गोल. थोड्या वेळाने तूप काळपट झालं. "बघ, उष्णता निघाली," सासूबाई म्हणाल्या. तो धातूचा आणि तुपातल्या आम्लांचा परिणाम असतो, पण त्यांच्या समाधानात मी कशाला मध्ये पडू? ताईच्या कपाळावरची आठी गेली होती, मला तेवढं पुरे होतं. (आमच्या आईला मधुमेह आहे, तिच्या पायांना मी हे करत नाही. गरम पाण्यात पाय बुडवणंही नको, बोटांच्या बेचक्यांत क्रीमही नको. पायाची संवेदना कमी झाली की भाजलेलं, खरचटलेलं कळत नाही.)

ताई बोलत होती. वॉर्डातल्या एका आजोबांविषयी, भाच्याच्या परीक्षेविषयी, मग मध्येच आजीच्या चिपळूणच्या ओटीविषयी. शब्द विरळ होत गेले. दुसऱ्या पायाला तूप लावायला घेतलं तोवर तिचा श्वास जड झाला होता. पाय माझ्या मांडीवर तसाच होता. कुकरची तिसरी शिट्टी आता होणार म्हणून भाच्याला नुसती खूण केली आणि तो पाय न वाजवता गॅस बंद करायला गेला.