प्लग बदलले तरी फटफट तशीच: शेवटी सापडलं कुठे

गाडी उताराला लागली की, किंवा सिग्नल दिसून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागून सायलेन्सरमधून फट्... फट्-फट्... असा आवाज यायला लागला. आधी थोडा, मग दोन-तीन आठवड्यांत इतका की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. पेट्रोल गाडी आहे, बरीच चाललेली, पण आतापर्यंत कधी तक्रार नव्हती, त्यामुळे घोर लागून राहिला होता.

पहिल्या गॅरेजमध्ये आवाज ऐकून लगेच सांगितलं की प्लग (ठिणगी पाडणारे) गेलेत, इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) पण साफ करून घ्या. करून घेतलं. दोन दिवस बरं वाटलं (म्हणजे मला तसं वाटलं असावं) आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. मग म्हणाले कॉइल (प्लगला वीज पुरवणारी) बघू. तेव्हा मी म्हटलं थांबा, आधी मला समजून घेऊ द्या. निघताना जुने प्लग मागून घेतले, एका कापडात गुंडाळून डिकीत ठेवले आणि पुढे सगळा उलगडा त्या प्लगमुळेच झाला.

कोणाला असा आवाज येत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, की आवाज कधी येतो ते आधी नीट बघा. जोर देताना, चढावर फुटत असेल तर बहुतेक गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाहीये, प्लग, कॉइल, इंजेक्टर यापैकी काहीतरी. आयडलला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, एका लयीत येत असेल तर एकाच सिलेंडरकडे संशय जातो, व्हॉल्व्हसुद्धा असू शकतो, कॉम्प्रेशन तपासावं लागतं. आणि माझ्यासारखं फक्त पाय काढल्यावर येत असेल तर न जळलेलं पेट्रोल आणि बाहेरची हवा गरम पाइपात एकत्र येतायत. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर वितळतो.

माझा दिवा लुकलुकत नव्हता, नुसता लागून होता. मित्राचा स्कॅनर लावला तर कोड आला पी०१७१, म्हणजे मिक्स्चर लीन, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरल्यापेक्षा किती पेट्रोल वाढवतो-कमी करतो तो आकडा) आयडलला +२२ टक्के आणि २५०० आरपीएमला +९ च्या आसपास, म्हणजे ईसीयू सारखं जास्तीचं पेट्रोल ओततोय. असे आकडे बघून कोणीही म्हणेल की इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या बाजूला) कुठेतरी जास्तीची हवा ओढली जातेय, मलाही तेच वाटलं. सगळे व्हॅक्युम पाइप, थ्रॉटल बॉडी, इनटेकचं गॅस्केट तपासलं, धूर सोडून पण बघितलं, काही नाही.

मग रात्री डिकीतले प्लग आठवले. बाहेर काढून उजेडात धरले तर चारही काळे, कोरड्या काजळीने भरलेले, बोट फिरवलं की बोट काळं. लीन गाडीचे प्लग पांढरट असायला हवेत! कोड म्हणतोय पेट्रोल कमी, प्लग म्हणतायत पेट्रोल जास्त. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? तेव्हाच असू शकतं जेव्हा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून ईसीयूला कळवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरला चुकीची हवा दिसतेय. एक तर सेन्सर खराब, नाहीतर सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट कुठेतरी फुटलेला. सेन्सर बघितला, झटका देऊन ॲक्सिलरेटर दाबला की लगेच ०.९ व्होल्टच्या जवळ (पेट्रोल जास्त असल्याची खूण) जात होता, म्हणजे जिवंत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू करून कान लावला तर इंजिनजवळून बारीक टिक-टिक-टिक, आणि गाडी गरम झाली की बंद. धातू तापून फुगतो, फट बुजते, म्हणून. आता खात्री करायची होती. इंजिन बंद, पूर्ण थंड, व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू कापड गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला लावली आणि भावाला म्हटलं धरून ठेव. मी वर मॅनिफोल्डच्या (सगळ्या सिलेंडरचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडत गेलो. चौथ्या सिलेंडरच्या पोर्टापाशी फेस फुगायला लागला, छोटे बुडबुडे, एकामागून एक. हीट शील्ड काढून बघितलं तर तिथे पंख्यासारखी पसरलेली काळी काजळी आणि खालचा एक स्टड (मॅनिफोल्ड इंजिनाला धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) तुटलेला.

आता कारण सगळं जुळलं. पाय काढला की एक्झॉस्टमधला दाब पडतो, धुराच्या दोन धक्क्यांच्या मध्ये फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा बघून सेन्सर म्हणतो लीन, ईसीयू पेट्रोल वाढवतो, ते पेट्रोल पुरतं जळत नाही आणि पाइपात हवा मिळाली की फट्. म्हणजे नवे प्लग घातले तरी ते परत काळेच होणार होते.

दुरुस्तीत सगळ्यात कष्टाचा भाग तो तुटलेला स्टड. दुसऱ्या गॅरेजच्या मेकॅनिकने घाई केली नाही याचं मला फार बरं वाटलं. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी उरलेल्या तुकड्यावर नट वेल्ड केला आणि तो गरम असतानाच पुढे-मागे, पुढे-मागे करत हळूहळू फिरवला. तुकडा निघाला, आटे शाबूत. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून वाकलंय का ते बघितलं, नव्हतं वाकलेलं. नवीन गॅस्केट, सगळे स्टड आणि नट नवीन, आणि कसताना मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत, टॉर्क पाना लावून. हे मधून बाहेर कसणं सोडू नका, नाहीतर गॅस्केट एका कडेला दबून दुसरीकडे मोकळं राहतं.

कोड पुसला, ट्रिम शून्यावर आणली, आणि तीन दिवस रोजच्यासारखी गाडी चालवली. लाँग टर्म आता +३ च्या आत असते. उतारावर मुद्दाम खिडकी उघडून पाय काढला, फक्त वाऱ्याचा आवाज. आठवड्याने थंड इंजिनवर नट परत तपासले, दोन जरासे फिरले, बाकी घट्ट.