फडावरून आलेलं लेकरू

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या गावी परततात. दिवाळीपासून कुलूप असलेल्या घरांतल्या चुली पुन्हा पेटतात. मी अंगणवाडी सेविका. त्या आठवड्यात घरोघर फिरून परतलेल्या लेकरांची वजनं घेते, दंडाचा घेर मोजते. त्यातल्या एका घरातला दिवस माझ्या मनातून जात नाही.

लेकरू तेरा महिन्यांचं. फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, गेलं तेव्हा वजन 7.2 किलो होतं, आलं तेव्हा 7.6. पाच महिन्यांत 400 ग्रॅम. दंडाला पट्टी लावली, 11.9 सेंटिमीटर. साडेबाराच्या वर हिरवं, साडेअकराच्या खाली लाल, मधलं पिवळं. हे पिवळ्यात होतं. ताप नाही, जुलाब नाही, पायावर सूज नाही.

"बाई, उपाशी न्हाई ठिवलं त्याला," आजी कळवळून म्हणाली. "दिसभर तोंड चालूच असतंय."

ते खरंच होतं. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटं, मग पाच रुपयांचा तळलेला पुडा, दुपारी पुन्हा बिस्किटं. फडावर आई पहाटे चारला कोयता घेऊन निघायची आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, सात वर्षांची बहीण याला सांभाळायची. रडलं की पुडा फोडून द्यायची. त्या पोरीला दुसरं काय सुचणार, तिचंच वय खेळायचं. पण चहानं आणि साखरेनं लेकराची भूक मरते, आणि अन्नातलं जे थोडं लोह पोटात जातं तेही चहामुळे अंगी लागत नाही. मग ताटाला तोंड लावत नाही, म्हणून पुन्हा पुडा. आजी म्हणत होती, "भाकरी दिली की थुकतंय." अहो, पोट भरलेलं असताना मोठं माणूस तरी जेवेल का?

एरवी मी चार गोष्टी सांगून पुढच्या घरी जाते. त्या दिवशी वही मिटली आणि तिथंच बसले.

साडेनऊला ते रडायला लागलं. आजीनं पदराच्या गाठीचे पैसे सोडले, नातीला दुकानात धाडायला निघाली. मी हात धरला. "आत्याबाई, आजचा दिवस माझ्यासाठी थांबा." आईनं पाजलं, पाणी दिलं, बहिणीनं अंगणात फिरवलं. तोवर आम्ही चुलीवर ज्वारीच्या कण्या टाकल्या. घरात तुरीचं वरण होतं, शेंगदाणे होते. अख्खा दाणा लहान लेकराच्या घशात अडकतो, म्हणून भाजून पाट्यावर पार पीठ होईस्तोवर वाटले. कण्यात वरण, दाण्याचं कूट, वरून चमचाभर तेल. आई पाणी घालायला लागली, "पातळ बरं जाईल." मी नको म्हटलं. चमचा तिरपा केला तरी घसरू नये इतकं घट्ट हवं. पाण्यानं इवलंसं पोट लगेच भरतं, अंगाला काही लागत नाही.

पहिला घास थुंकला. आजी माझ्याकडे बघायला लागली. दुसराही थुंकला. आईनं नाक दाबून भरवायला हात पुढं केला, तो मी मागं घेतला. कण्या ताटलीत पसरून गार केल्या, ताटली त्याच्या पुढ्यात ठेवली आणि आम्ही तिघी आपसात बोलत बसलो. बऱ्याच वेळानं त्यानं एक बोट बुडवलं. बघितलं. चाटलं. मग अख्खा पंजाच घातला. कपाळावर, कानात, सगळीकडे कण्या. पोटात किती गेल्या म्हणाल तर चार-पाच चमचे असतील. पण मागून घेतले होते ते, कोंबलेले नव्हते.

आई भिंतीला टेकून बघत होती. रडत होती, पण आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा थुंकलं, तिसऱ्या दिवशीही. नव्या चवीला लेकरू आठ-दहा वेळाही नाही म्हणतं, हे आजीला मी रोज जाऊन सांगितलं. पुड्यांचे दिवसाला वीस रुपये जात होते, तेवढ्यात दोन-तीन अंडी येतात हा हिशोब तिला लवकर पटला. चहा सुटायला मात्र महिना गेला. जुलैत दोनदा जुलाब लागले, वजन घसरलं. त्या दिवसांत माझंही मन खचलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर मोजलं तर वजन 9.1 किलो आणि दंड 12.7. पण उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, जाणं भागच होतं. आदल्या संध्याकाळी आई अंगणवाडीत आली. कण्यांचं गाठोडं बांधलंय, दाण्याचं कूट डब्यात भरलंय, थोरलीला आता आजीपाशी ठेवून शाळेत घालतेय, आणि टोळीतली एक म्हातारी कोपीवर लेकरू बघणार आहे, असं सांगत होती. मग थांबली.

"बाई, ती दंडाची पट्टी एक मला देता का? पिवळ्यात आली की फोन करीन."

मी कपाटातून पट्टी काढून दिली. तिनं तिथंच लेकराच्या दंडाला लावून बघितली, दोनदा.