तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला तू कळतेस तरी का?

कुत्रा पाळायचा, मांजर पाळायची, हे काय गं? आणि त्याला तू कळतेस तरी का? बंड्या, म्हणजे आमचा साप, घरात आल्यापासून जेवायला येणारा प्रत्येक जण हे विचारतो, आई व्हिडिओ कॉलवर विचारते, आत्याचं वेगळंच, नागपंचमीला दूध देतेस ना? नाही देत आत्या, साप दूध पीत नाहीत आणि हा नागही नाही, बोआ आहे, अजगरासारखा बिनविषारी.

तर, नाही. मला नाही वाटत तो मला ओळखतो. माझा वास सवयीचा झाला असेल फार तर. हातात घेतला की आता फुसफुसत नाही, जीभ आतबाहेर करत सावकाश मनगटाला विळखा घालतो, त्याला प्रेम म्हणा नाहीतर गरम फांदी सापडली म्हणा. पहिल्या वर्षी मी सगळ्यांशी भांडायचे की ओळखतो म्हणजे ओळखतोच. आर्वेन वादळानंतर ते बंद केलं.

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. आम्ही इंग्लंडात डरहमच्या बाहेर एका खेड्यात राहतो, त्या रात्री देशभरात दहा लाखांवर घरांची वीज गेली त्यात आमचीही. आदल्याच दिवशी बंड्याने उंदीर खाल्लेला, पोट टम्म. बोआला पचवायला बाहेरची ऊब लागते, गरम कोपऱ्यात ३१-३२ डिग्री हवेत, नाहीतर उंदीर पचायच्या आधी पोटातच सडतो. सकाळी सेलवरचा थर्मामीटर १७ दाखवत होता, बाहेर बर्फ, बॉयलर बंद. नशीब गॅसची शेगडी काडीने पेटत होती. पाणी उकळायचं, रबरी पिशव्या भरायच्या, टॉवेलात गुंडाळून व्हिव्हेरियममध्ये, म्हणजे त्याच्या पेटीत, ठेवायच्या, वरून घरातली सगळी पांघरुणं, दर दोन तासांनी परत तेच. काटा २१ च्या वर जाईना.

नवरा म्हणाला अंगाशी घे त्याला. पण खाल्ल्यावर किमान ४८ तास बोआला हात लावायचा नाही, लावला तर ओकतो, हे मी स्वतः लोकांना सांगत फिरायचे. न हलवावा तर गारठतोय, हलवावा तर ओकेल. शेवटी रात्री त्याला उशीच्या अभ्र्यात घालून स्वेटरच्या आत घेतला आणि बसून राहिले. तो हललाही नाही, फक्त श्वास कळत होता, मध्येच एक, मग बऱ्याच वेळाने दुसरा.

रविवारी ओकला. साप डोक्याकडून गिळतो, त्यामुळे उंदराचं डोकं विरघळलेलं, मागचे पाय आणि शेपूट जशीच्या तशी, ओल्या केसांचा लगदा. वास असा की नवरा त्या बर्फात बाहेर जाऊन उभा राहिला. मला मात्र रडायला आलं आणि बंड्या कोपऱ्यात जाऊन गुंडाळी करून बसला, जसा रोज बसतो.

मग दोन आठवड्यांहून जास्त उपास, त्यानंतर अगदी छोटा उंदीर. बोआ ओकला की एका असाध्य विषाणूजन्य आजाराची शंका येते म्हणून डॉक्टरांनी रक्तही तपासलं. निगेटिव्ह आलं, पण एकदा निगेटिव्ह म्हणजे शंभर टक्के नाही हेही त्यांनीच सांगितलं. ओकला तो थंडीने की माझ्या स्वेटरमुळे? नवरा म्हणतो थंडीने, मी दिवस बघून ठरवते. तशीच वेळ आली तर परत उचलेन का? उचलेन बहुतेक. त्याच्यासाठी की माझा जीव राहत नाही म्हणून, ते विचारू नका.

आणि ‘मग देऊन टाक’ म्हणणाऱ्यांनो, कोणाला? बोआ वीस-तीस वर्षं जगतो, पुढे पाच-सहा फुटांचा होतो, पिल्लू हौसेने घेणारे खूप, मोठा झालेला घेणारे शोधून दाखवा. इथे त्याला लायसन्स लागत नाही, पण उद्या आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं तर साइटिसचे (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराचे) कागद, भारतातली नोंदणी आणि मुख्य म्हणजे सासूबाई. त्या विषयावर आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून कोणी बोललेलं नाही.