फिश फाइंडरच्या पडद्यावरील कमान

फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारे यंत्र, वापरायला लागलो त्या सुरुवातीच्या दिवसांत, पडद्याच्या डाव्या बाजूला दिसणारा मासा होडीच्याही डाव्या बाजूला असणार, असे गृहीत धरून मी कितीतरी वेळा तिकडे गळ टाकला. पडद्याची आडवी बाजू दिशा दाखवत नाही, ती काळ दाखवते, हे मला फार उशिरा समजले. उजव्या कडेची उभी रेघ तेवढी आत्ताची. तिच्या डावीकडचे सारे होऊन गेलेले असते.

यंत्राचे मूळ तत्त्व सोपे आहे. होडीच्या तळाशी बसवलेल्या ट्रान्सड्यूसरमधील स्फटिक विजेच्या स्पंदनाने थरथरतो आणि पाण्यात ध्वनिलहरी सोडतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,480 मीटर वेगाने जातो. त्यामुळे 15 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी परतायला एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो आणि या वेळेवरूनच खोली काढली जाते. माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्याच्या शरीरातील वायूने भरलेल्या पिशवीवरून, म्हणजे वाताशयावरून, उमटतो. म्हणूनच वाताशय नसलेले मासे तितक्याच आकाराचे असूनही फिकट दिसतात.

या लहरी शंकूच्या आकारात पसरतात. 20 अंशांचा शंकू 10 मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर रुंदीचे क्षेत्र व्यापतो. होडी माशावरून जाताना मासा आधी शंकूच्या कडेला, मग मध्यावर आणि पुन्हा कडेला येतो; अंतर आधी घटते, मग वाढते, आणि पडद्यावर कमान उमटते. कमान लांब म्हणून मासा मोठा, हा समज चुकीचा आहे, कारण लांबी केवळ तो शंकूत किती वेळ राहिला हे सांगते. आकाराचा अंदाज घ्यायचा असेल, तर कमानीची जाडी आणि रंगाचा गडदपणा पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते.

तळाच्या बाबतीतही असेच वाचन करावे लागते. खडकाळ तळ जाड आणि ठळक उमटतो, मऊ गाळाचा तळ बहुधा फिका दिसतो. उतारावर मात्र शंकूतील सर्वांत जवळचा भाग आधी प्रतिध्वनी देतो आणि त्यापलीकडच्या खोलगट जागेतील मासे तळाच्या रेघेतच हरवून जातात. अशी जागा रिकामी समजून सोडू नये.

प्रतिध्वनींऐवजी माशांची तयार चित्रे दाखवणारी सोय मी बंदच ठेवतो, कारण बुडालेली फांदी किंवा हवेचे बुडबुडेही तिच्यात मासा होऊन बसतात. होडी स्थिर ठेवून गळ सरळ खाली सोडला, तर त्याची तिरकी रेघ खाली उतरताना दिसते. एखाद्या वेळी खालून दुसरी रेघ तिच्या दिशेने वर येऊ लागते आणि तेव्हा हात गळाच्या दोरीवर असलेला बरा.