नळ चावतो

"दिवसा काही होत नाही रे, पहाटे आंघोळीला गेलं की नळ चावतो," आजी सांगत होत्या. सून म्हणाली, "दादा, मी नऊ वाजता आंघोळ करते, मला कधीच झिणझिण्या आल्या नाहीत. आईंना वयामुळे वाटत असेल."

मी वायरमन. सांगलीतलं जुनं घर. गीझर नवा. तो चालू करून नळाला टेस्टर लावला, पेटला नाही. निघता निघता विचारलं, "आजी, पहाटे आणखी काय चालू असतं?"

"दिवा. अंधारात कशी करू आंघोळ?"

बाथरूमच्या दिव्याचं बटण दाबलं आणि नळावर टेस्टर पेटला. गीझरचा पत्रा आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) यांच्यात टेस्ट लॅम्प धरला, तर बल्ब लख्ख. पत्र्यावर सरळ 230 व्होल्ट! पाइप प्लॅस्टिकचे, त्यांतल्या पाण्याने करंट बराच अडवला, म्हणून नुसत्या झिणझिण्या. ओल्या हाताने कुणी टाकीला हात लावला असता तर? माझ्या अंगावर काटा आला.

मेन बंद करून जंक्शन बॉक्स उघडला. मूळ वायरिंग करताना बटणापासून दिव्यापर्यंत कुणीतरी हिरवी वायर ओढली होती. लाल संपली असावी. गीझर बसवणाऱ्याने हिरवी दिसली म्हणून अर्थिंग, म्हणजे पत्र्यावर आलेला करंट जमिनीत सोडणारी वायर, तिलाच जोडलं. दिवा लावला की करंट थेट पत्र्यावर. मेन बोर्डाला खरं अर्थिंग नव्हतंच, त्यामुळे फ्यूजही उडाला नाही. गीझरवाल्याला दोष देववत नाही. दिवा बंद असताना टेस्टर लावला असता तरी त्याला काही दिसलं नसतं. राग आला तो मूळ वायरिंग करणाऱ्यावर. लाल फेज (करंट आणणारी), काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. निळीचा गोंधळ मी समजू शकतो: थ्री फेजमध्ये लाल-पिवळा-निळा तिन्ही फेज, आणि गीझरच्या कॉर्डमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. पण हिरवीत फेज सोडायचा म्हणजे पुढच्या वायरमनशी आणि घरातल्या माणसांशी खोटं बोलणं.

दिव्याला लाल वायर ओढली. परड्यात खड्डा घेऊन नवं अर्थिंग केलं, मेनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच. मग दिवा आणि गीझर दोन्ही लावून पुन्हा तपासलं. टेस्टर गप्प.

आरसीसीबीवरचं 'टी'चं बटण आजींना दाखवलं. "महिन्यातून एकदा दाबायचं. खटकन बंद पडला की तो ठीक आहे."

त्यांनी कॅलेंडर काढलं. "दर संकष्टीला दाबते," म्हणाल्या.