तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी येत असताना स्टाफ नोटेशन अवघड का जातं?

भजनाच्या साथीला पेटी घेऊन बसणारी बाई पाच रेघांचा कागद, म्हणजे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन, लावून पियानो शिकते आहे, हे कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. ‘तुम्हाला सारेगम येतंच की! मग ते नोटेशन वाचणं म्हणजे आठवड्याभराचं काम, नाही का?’ काहींचा प्रश्न उलटा असतो: ‘पेटी येते तर हे शिकायचंच कशाला?’ त्याचं उत्तर एका वाक्यात संपतं. कधीही न ऐकलेली चीज नुसत्या कागदावरून वाजवायची मला हौस होती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र मंडळाच्या ओट्यावर चपला शोधता शोधता देता येत नाही, म्हणून इथे देते.

चिन्हं ओळखायला खरंच फार वेळ लागत नाही. पाच रेघा आणि त्यांच्यामधली चार घरं. सुरुवातीला जो वेटोळा ट्रेबल क्लेफ असतो, त्याचा पीळ खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो आणि ती रेघ म्हणजे जी हा सूर. इथे पेटीवाल्यांच्या पदरात एक आयता फायदा पडतो. आपण पट्ट्यांना आधीच पक्की नावं दिलेली आहेत. गायक ‘काळी चार’ म्हणाला की आपलं बोट न विचारता तिथे जातं. सी म्हणजे पांढरी एक, जी म्हणजे पांढरी पाच, एफ शार्प म्हणजे काळी तीन. तेव्हा रेघेवर सारेगम बसवू नका, पांढरी-काळी बसवा. सा आज पांढरी दोनवर असेल, उद्या काळी चारवर. रेघ कुठेही हलत नाही. सी म्हणजे सा असं मनाशी बांधून घेतलेली मंडळी मी पाहिली आहेत. सी मेजरचे, म्हणजे सीवरच सा असलेले, धडे चालू असतात तोवर खुशीत असतात. जी मेजर आला, सा जीवर सरकला, की सगळी नावं गळून पडतात.

रेघांची नावं लक्षात राहावीत म्हणून ‘एव्हरी गुड बॉय’वालं इंग्रजी वाक्य (प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे एका रेघेचं नाव) पाठ करून घेण्याची क्लासमध्ये पद्धत आहे. माझ्या मते त्याचा उपयोगापेक्षा अडथळाच जास्त. प्रत्येक सुरासाठी खालच्या रेघेपासून वाक्य म्हणत वर चढायचं म्हटलं, तर गाणं पुढे जायचं कधी?

तरीही हा सगळा सोपा भाग. अवघड आहे ते आपलं आणि त्यांचं लिहिणं मुळातच उलट असणं. भातखंड्यांच्या, म्हणजे आपल्या सारेगम लिहिण्याच्या पद्धतीत सूर अक्षरात असतो: सा म्हटलं की सा. कोमल असेल तर खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, ताराला वर टिंब. आणि वेळ असते जागेत. मात्रांची घरं सारखी पडलेली असतात, एका मात्रेत दोन सूर आले तर खाली कंस, सूर लांबला तर पुढे आडवी रेघ. स्टाफमध्ये सूर जागेवरून ओळखायचा आणि वेळ आकारावरून. पोकळ गोल, त्याला दांडी, भरीव गोल, दांडीला शेपूट. क्रॉचेट (दांडीचा भरीव गोल) एक मात्रा धरली तर मिनिम (दांडीचा पोकळ गोल) दोन, सेमिब्रीव्ह (नुसता पोकळ गोल) चार, क्वेव्हर (शेपटीवाली) अर्धी. कागदावर दोन सुरांमध्ये किती मोकळी जागा सोडली आहे, त्यावर विसंबायचं नाही. आपल्या डोळ्याला नेमकी त्या मोकळ्या जागेकडेच बघायची सवय असते. म्हणून पेटीवाल्याचे सूर लवकर बरोबर यायला लागतात आणि लय बराच काळ लंगडत राहते.

त्यात पुन्हा विश्रांतीची चिन्हं. आपल्या लिखाणातली आडवी रेघ सूर लांबवायला सांगते. इथे गप्प राहण्यालाही मोजमाप आहे: अर्धी मात्रा गप्प, एक मात्रा गप्प, प्रत्येकाचं चिन्ह वेगळं. भजनात बोट उचललं की पोकळी पडते, म्हणून आम्ही सूर धरूनच ठेवतो. ते बोट वेळेवर उचलायला शिकणं हा वेगळाच रियाज आहे.

एक उदाहरण देते. संगीतकार बाखची बायको अ‍ॅना माग्दालेना, तिच्या १७२५च्या वहीत जी मेजरमधला एक मिन्युएट (नाचाची धून) आहे. वर्षानुवर्षं तो बाखच्या नावावर खपला, प्रत्यक्षात तो क्रिश्चियन पेटझोल्डचा. नवशिक्यांच्या पुस्तकात हमखास सापडतो. ताल तीन मात्रांचा. पांढरी पाचवर सा धरला तर सुरुवात अशी: प, सारे, गम, प, सा, सा. पुढे ध, मप, धनी. सां, सा, सा. सगळे सूर शुद्ध, चक्क बिलावल! आता तेच कागदावर पाहा. पहिला सूर चौथ्या रेघेवर, मग उडी खाली दुसऱ्या रेघेवर, तिथून रेघ, घर, रेघ, घर असं चढत पुन्हा चौथ्या रेघेवर. वाचणारा डोळा प्रत्येक सुराचं नाव घेत नाही. पहिला सूर कुठे आहे ते बघतो आणि पुढचं चढउतारावरून ओळखतो. शेजारचं घर म्हणजे पुढचा सूर, रेघेवरून लगतच्या रेघेवर म्हणजे मधला एक गाळला. सारेगम आलं ते इथे कामी येतं. साग, रेम, गप हे अंतर बोटांत मुरलेलंच असतं.

सुरुवातीला जो एक शार्प छापलेला असतो, तो काळी तीन. संपूर्ण चीजेत एफ आला की काळी तीनच वाजवायची. पांढरी पाचवर सा धरणाऱ्याला हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही, कारण त्याचा शुद्ध नी तिथेच असतो. एकाहून जास्त शार्प असले तर मेजरमध्ये शेवटचा शार्प म्हणजे नी आणि त्याच्या लगत वर सा. मायनर असेल तर या हिशेबातला ध तिथला सा होतो. हे मी पियानोच्या सरांना सांगितलं तेव्हा ते हसले. ते गोव्यातल्या साष्टीचे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, शिकवायची जुनी परंपरा आहे, आणि पोर्तुगीज वळणाच्या त्या सोल्फेजमध्ये दो म्हणजे कायम सी, सोल म्हणजे कायम जी. ते ‘सोल’ म्हणतात, मला ‘सा’ ऐकू येतो, बोट दोघांचंही पांढरी पाचवर. मुंबईच्या सिनेमांच्या स्टुडिओत हेच चाललं असणार. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोंयकार अरेंजर व्हायोलिनवाल्यांसाठी स्टाफवर कागद लिहीत, आणि सतार-सारंगीवाले आपलं सारेगम सांभाळून त्याच गाण्यात वाजवत.

आता खरी खोट सांगते, ती आपल्या कानाची. पेटीवाल्याचा कान तयार असतो. चार बार (म्हणजे तालाची चार आवर्तनं) वाचले की पुढचं वळण त्याला सुचतं, बोटं पुढे धावतात आणि डोळे कागदावर नुसते ठेवलेले राहतात. ओळखीच्या चालींवर वाचनाचा सराव होतच नाही. सरांचा उपाय कडू पण गुणकारी आहे: चर्चच्या चार आवाजांच्या गाण्यातली आल्टोची, म्हणजे वरून दुसऱ्या आवाजाची, ओळ द्यायची. ती ओळ एकटी वाजवली तर चालीचा पत्ता लागत नाही, एकाच सुरावर रेंगाळते, मधेच विचित्र ठिकाणी वळते. अंदाज बांधायला काही नसतंच, निमूट वाचावं लागतं. आणि सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीने सा रे ग लिहू नका. मग डोळे फक्त पेन्सिल वाचतात.

‘मग आता सगळं वाचता येतं का?’ हा शेवटचा प्रश्न. नाही. डाव्या हाताच्या खालच्या सुरांसाठी जो बास क्लेफ असतो, त्याची दोन टिंबं चौथ्या रेघेच्या वर-खाली असतात, ती रेघ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी चार, इतकं पाठ आहे. पण पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता मारत आलेला. त्याला सूर वाजवायचे असतात हेच अजून पटलेलं नाही. एकेक ओळ दिली तर दोन्ही हात आपापलं वाचतात, एकत्र आणले की वेग निम्म्यावर येतो. सरांकडे तक्रार केली. ते म्हणाले, ‘मग निम्म्या वेगात वाजवा.’