चिऊताईच्या दारातलं इंग्रजी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पाचवीच्या वर्गावर या, असं तुमचं बोलावणं आलं आणि आमच्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. लालबाग-परळच्या आम्हा मुलांची इंग्रजीशी गाठ पडायची ती पाचवीत. (मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली.) वडील गिरणीत, शेजारपाजार सगळा कोकणातला नाहीतर घाटावरचा. इंग्रजी कानावर पडणार कुठून?

बाईंनी सुरुवात केली ती थेट चिऊ-काऊच्या गोष्टीनं. पावसात काऊचं शेणाचं घर वाहून जातं, मग तो चिऊचं दार ठोठावतो, हे आम्हाला तोंडपाठ. त्यामुळे पुढे काय होणार याची चिंता नव्हती, सगळे कान इंग्रजीकडे. बाई डस्टरनं टेबलावर टकटक करायच्या, ‘ओपन द डोअर!’ मुली एका सुरात, ‘वेट, आय ॲम बेदिंग माय बेबी!’ पुन्हा टकटक. ‘वेट, आय ॲम ड्रेसिंग माय बेबी!’ मग पावडर, काजळ, पाळणा. बाळाचं आवरेपर्यंत चालू वर्तमानकाळ आमच्या जिभेवर बसलेला असायचा. नियम वहीत आला तो कितीतरी नंतर. भोपळ्यातल्या म्हातारीनं तसाच भविष्यकाळ शिकवला: ‘आय विल गो टू माय डॉटर, आय विल ईट, आय विल गेट फॅट!’ १९८२च्या गिरणी संपात वर्गातली बरीच मुलं गावी गेली. त्यातला एक मित्र अजूनही भेटला की ही म्हातारी इंग्रजीत म्हणून दाखवतो.

पुढे मीही शिक्षक झालो. समजेल अशी भाषा भरपूर ऐकायला मिळाली की ती आपसूक येते, हे स्टीफन क्रॅशन या अमेरिकन भाषातज्ज्ञाचं म्हणणं वाचलं, तेव्हा डोळ्यांसमोर बाईच उभ्या राहिल्या. त्यांची सर्वांत अवघड गोष्ट मला वर्गात उभं राहिल्यावर कळली: ओळीओळीला मराठी अर्थ सांगायचा नाही. हातवारे करा, फळ्यावर चित्र काढा, पुन्हा सांगा, पण अर्थ सांगू नका. एकदा सांगितला की मुलं इंग्रजी ऐकणं सोडतात आणि मराठीची वाट बघत बसतात. पाठ्यपुस्तक वेळेत संपवायच्या घाईत हा धीर धरणं फार कठीण असतं. बाईंनी तो वर्षभर धरला.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पाचवीच्या मुलांना ही गोष्ट सांगायला मी आनंदानं येईन. शनिवारची सकाळची शाळा मला सोयीची आहे. डस्टर तेवढं लाकडी ठेवा.